एका फोटोवरची तीन नावं

प्रकरण असं आहे. आमच्या साताऱ्याच्या घरात एक जुना फॅमिली फोटो आहे, साधारण १० बाय १२ इंची, जाड सागवानी फ्रेममध्ये. चार जण आहेत. खुर्चीत खापरपणजोबा, पागोटं अंगरखा उपरणं अशा थाटात, शेजारी त्यांचे धाकटे भाऊ उभे, आणि पुढे दोन मुलगे, त्यातला मोठा म्हणजे माझे पणजोबा. बाई एकही नाही, घरात तेव्हा निदान चार तरी असतील, पण त्यांना कॅमेऱ्यासमोर कोण बसवतोय. तर हा फोटो काढला कोणी, एवढाच प्रश्न.

घरात उत्तर ठरलेलं होतं. आमचे मोठे काका आल्यागेल्याला सांगायचे की राजा दीनदयाळांनी काढलाय, खास मुंबईला जाऊन काढून घेतला. मग चुलतबहिणीने तो नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकला आणि एका भाच्याने झूम करून खालच्या कोपऱ्यातला उठावाचा शिक्का वाचला, तो पुण्याच्या एका स्टुडिओचा निघाला (त्यांची पुढची पिढी अजून धंद्यात आहे म्हणून नाव लिहीत नाही), आणि तो म्हणाला संपला विषय, लिहिलंय की. त्यावर आत्या म्हणाल्या अरे पण मागे लेबल आहे त्यावर भलतंच नाव आहे. म्हणजे फोटोवर दोन नावं आणि काकांच्या तोंडी तिसरं, आणि जो तो आपल्या नावाला चिकटून.

मागच्या लेबलचा निकाल पटकन लागला. ते फ्रेमवाल्याचं होतं. जुन्या फ्रेमच्या पाठीवर पुठ्ठ्याला चिकटवलेला कागद असतो त्यावर नाव, पेठ आणि खाली 'काच व तसबिरी' असं काहीतरी असेल तर तो फोटोग्राफर नव्हे, तो काच कापणारा. लोक हमखास इथे फसतात, कारण तेच नाव सगळ्यात मोठ्या अक्षरात असतं.

दीनदयाळांचं प्रकरण जरा नाजूक होतं, कारण काकांचा जीव त्यात अडकलेला. पण तारखाच जुळत नाहीत. दीनदयाळ मूळचे सरधन्याचे, जन्म १८४४, रुरकीला शिकले, इंदूरला सार्वजनिक बांधकाम खात्यात ड्राफ्ट्समन म्हणून लागले आणि फोटोग्राफी हातात घेतली १८७४ च्या सुमाराला, तीही इंदुरातच. सिकंदराबादचा स्टुडिओ १८८६ चा, आणि मुंबईचा तर थेट १८९६ चा. आमच्या छापील कुलवृत्तांतात खुर्चीत बसलेल्या गृहस्थांचं निधन शके १७९८ ला दिलंय, म्हणजे १८७६-७७, दुष्काळाचं साल. मेलेला माणूस वीस वर्षांनी मुंबईला जाऊन फोटो काढून घेत नाही. काकांना हे सांगितल्यावर ते म्हणाले कुलवृत्तांतात चुका असतात. असतात, मान्य आहे, पण वीस वर्षांच्या नसतात. माझा अंदाज असा की आमच्या घरचा कुठलातरी नंतरचा फोटो खरंच दीनदयाळांच्या मुंबईच्या स्टुडिओत काढला असणार आणि तो हरवल्यावर त्याची गोष्ट भिंतीवर उरलेल्या या फोटोला येऊन चिकटली. घरोघरी होतं हे. प्रत्येक जुना फोटो दीनदयाळांचा आणि प्रत्येक जुनं चित्र रविवर्म्याचं!

हाच तारखांचा फटका पुण्याच्या शिक्क्यालाही बसतो. तो स्टुडिओ विसाव्या शतकातला. पण शिक्का तर खरा आहे, कुणी खोटा मारलेला नाही. मग दोन्ही एकाच वेळी खरं कसं?

यासाठी फ्रेम उघडावी लागली. खिळे गंजून लाकडात बसले होते, ब्राउन पेपर हात लावला की भुगा, आणि पुठ्ठा आणि फोटो यांच्यामध्ये भर म्हणून 'ज्ञानप्रकाश' या वर्तमानपत्राचं एक पान दुमडून घातलेलं, साल १९२६. यावरून फोटोचं वय कळत नाही हे लक्षात घ्या, एवढंच कळतं की फ्रेम १९२६ च्या आधी झाली नाही, रद्दी जुनीही वापरता येते त्यामुळे नंतर कितीही. पण फोटोचा कागद बघितल्यावर बरंच उलगडलं. काळ्या करड्या रंगाचा ब्रोमाइड प्रिंट, कडेच्या गडद भागांवर तिरप्या उजेडात चंदेरी तवंग दिसतो तसला. १८७० च्या दशकातला फोटो असा नसतो. तेव्हाचा कागद अल्ब्युमिनचा, म्हणजे अंड्याच्या पांढऱ्या बलकाचा थर दिलेला, पातळ, तपकिरी जांभळट छटेचा आणि आता पिवळा पडलेला, आणि इतका पातळ की पुठ्ठ्यावर चिकटवल्याशिवाय त्याची सुरळी होते.

म्हणजे हा फोटोचा फोटो आहे. जुन्या छोट्या फोटोवरून पुण्याच्या स्टुडिओने कॉपी करून मोठा केलेला, त्या काळात हा धंदा जोरात होता, घरातलं कोणी गेलं की बारका फोटो घेऊन स्टुडिओत जायचं आणि एन्लार्जमेंट करून भिंतीवर लावायची. एकदा हे डोक्यात आलं की पुरावे दिसायला लागतात. वरच्या बाजूला तपकिरी ठिपके दिसतात ते कागदावर नाहीतच, कागद स्वच्छ आहे, ठिपके फोटोत आहेत, म्हणजे मूळ फोटोवर डाग होते ते कॉपीत उतरले. दहापट भिंग लावलं तर अंगरख्याचं कापड कुठेच दिसत नाही, सगळं लोण्यासारखं मऊ. आणि सगळ्यात मजेशीर गोष्ट माउंटच्या, म्हणजे फोटोभोवतीच्या पुठ्ठ्याच्या चौकटीच्या, कापाखाली लपलेली होती. माउंट बाजूला केल्यावर खालच्या कडेला एक जाड आणि एक बारीक अशा दोन समांतर रेघा दिसल्या आणि त्यांच्याखाली सावलीसारखी पुठ्ठ्याची कड. १८६०-७० च्या काळातल्या छोट्या फोटोकार्डांना अशाच दोन रेघांची चौकट छापलेली असायची. कॉपी करणाऱ्याने आख्खं कार्ड कॅमेऱ्यासमोर ठेवलं होतं आणि नको तो भाग माउंटखाली दडवला.

आता घड्याळाची साखळी. आमच्या घरात या साखळीचा केवढा अभिमान, की बघा त्या काळात खापरपणजोबांकडे खिशातलं घड्याळ होतं, साखळी दिसतेय. मोबाइलचा टॉर्च कागदाला जवळजवळ समांतर धरला (हा उपाय फुकट आहे आणि उठावाचे शिक्केही यानेच वाचता येतात) तर त्या साखळीची एकेक कडी कागदाच्या वर उभी राहिली, ब्रशच्या फटकाऱ्यासकट. साखळी रंगवलेली आहे! बटणंही, पागोट्याची जरही, डोळ्यांच्या कडाही, आणि मागचा तो भारदस्त खांब आणि ढगसुद्धा. रिटच करणाऱ्या कलाकाराने गिऱ्हाइकाला खूश करायला सगळं घातलं होतं. भाच्याने तोवर तो खांब पुण्याच्या त्या स्टुडिओच्या इतर फोटोंशी जुळवून दाखवला होता, आणि जुळतच होता, जुळणारच, एकाच हाताने रंगवलेला खांब तो.

खांबाच्या पायथ्याशी मात्र रंगवणाऱ्याचा हात जरा आखडला आणि उभ्या असलेल्या काकाआजोबांच्या टाचेमागे लोखंडी स्टँडचा पाय तसाच राहिला. तो मान धरून ठेवायचा स्टँड. ओल्या काचेवरच्या कलोडियनच्या, म्हणजे काचेला रसायन लावून ती ओली असतानाच फोटो घ्यायच्या, काळात काही सेकंद हलायचं नसायचं म्हणून मागून मानेला आधार द्यायचे. धाकटा मुलगा तरी हललाच आहे, त्याचा उजवा हात पुसट आहे. आणि पणजोबांचे डोळे जवळजवळ पांढरे दिसतात, लहानपणी आम्ही त्याला घाबरायचो, त्याचं कारणही तेच, ते रसायन निळ्या उजेडाला फार चटकन लागतं आणि लाल त्याला दिसतच नाही, त्यामुळे घारे डोळे फिकट येतात आणि लाल पागोटं काळं.

साल बसवायला दोन कागद उपयोगी पडले. कुलवृत्तांतात पणजोबांचा जन्म शके १७८६, म्हणजे १८६४-६५. फोटोत त्यांचं डोकं घेरा ठेवून भादरलेलं आहे, कानात भिकबाळी, म्हणजे मुंज झालेली, आठव्या वर्षी धरली तर १८७२-७३. वरची मर्यादा वडिलांच्या निधनाची. चार वर्षांची खिडकी झाली. मग माळ्यावरच्या पेटीतली रोजकीर्द, म्हणजे रोजच्या जमाखर्चाची वही, काढली, अर्धी वाळवीने खाल्लेली आणि सगळी मोडीत, ती एका जाणकारांकडून वाचून घेतली आणि त्यात मार्गशीर्ष शके १७९५ मध्ये मुंबईच्या मुक्कामाचा खर्च निघाला, हायकोर्टातल्या अपिलाचं काम, वकिलाची फी, रेल्वेचं भाडं, आणि मध्येच छबी काढवल्याबद्दलची एक ओळ. म्हणजे १८७३ चा नोव्हेंबर-डिसेंबर. बोरघाटातून रेल्वे १८६३ पासून सुरू होती, पुण्यापर्यंत बैलगाडी आणि पुढे गाडीने मुंबई, दोन पोरांना मुंबई दाखवायला सोबत नेलं असणार. कोणाकडे काढवली ते मात्र लिहिलेलं नाही. पैसे कोणाला दिले यापेक्षा किती गेले याची काळजी जास्त.

तर आता मूळ कार्ड शोधायचं. इथे एक गोष्ट माहीत असली की शोध सोपा होतो. या छोट्या कार्डांना कार्ट द व्हिझिट म्हणायचे, साधारण अडीच बाय चार इंच, पॅरिसच्या दिस्देरीने १८५४ मध्ये पेटंट घेतलेली पद्धत, एकाच काचेवर बऱ्याच प्रतिमा घ्यायच्या आणि कागदावर छापून कापायच्या. या पद्धतीची सगळी गंमतच अशी की एक प्रत काढणं परवडायचं नाही, डझनाने निघायची आणि नातेवाइकांत वाटली जायची. म्हणून आमच्याकडची प्रत पुण्याच्या स्टुडिओतून परत आली नसली तरी दुसरी कुठेतरी असणार, आणि असली तर ती फोटोतल्या दुसऱ्या कोणाच्यातरी घरात. लोक आपल्याच घराचा माळा चार चार वेळा उपसतात आणि फोटोतल्या इतर माणसांच्या वंशजांना एक फोन करत नाहीत, हे मला कळत नाही.

फोटोतला धाकटा मुलगा पुढे सयाजीरावांच्या काळात बडोद्याला नोकरीला गेला आणि तिकडचाच झाला. त्या शाखेशी आमचा संबंध लग्नपत्रिकेपुरता. बडोद्याच्या वहिनींना फोन केला, त्यांनी दुसऱ्याच दिवशी जुन्या अल्बममधल्या फोटोचा मोबाइलवर फोटो काढून पाठवला, आणि तोच! चौघं जण, तीच बसण्याची तऱ्हा, तोच पुसट हात, आणि मागे खांब नाही, ढग नाहीत, नुसता साधा पडदा, पायाखाली फुलांचा गालिचा. साखळी नाही. मी म्हटलं वहिनी, मागच्या बाजूचाही पाठवा ना. तर त्या म्हणाल्या, "अहो भावजी, मागे काही नाही, नुसती जाहिरात छापलेली आहे."

ती जाहिरातच पाहिजे होती! पण कार्ड बाहेर काढणं हे जपून करायचं काम. त्या अल्बमची पानं जाड, दोन थरांची असतात आणि कार्ड खालच्या फटीतून आत सरकवलेलं असतं, नखाने ओढलं की फट फाटते आणि कार्डाचा कोपरा जातो. मी त्यांना सांगितलं की बटर पेपरची पट्टी फटीतून आत घाला, कार्डाच्या पाठीमागे पोचली की दोन्ही हळूच एकत्र खाली सरकवा. निघालं. मग घराजवळच्या झेरॉक्सवाल्याकडे ६०० डीपीआयला दोन्ही बाजू स्कॅन करून घेतल्या. पाठीवर इंग्रजीत हरिश्चंद्र चिंतामण, फोटोग्राफर, मुंबई. आणि खाली एका कोपऱ्यात पेन्सिलने लिहिलेला आकडा.

हे नाव फोटोच्या इतिहासात बारीकसारीक नाही. मुंबईत फोटोग्राफी फार लवकर रुजली, बाँबे फोटोग्राफिक सोसायटी १८५४ ची, भाऊ दाजी आणि त्यांचे बंधू नारायण दाजी तिच्यात होते, आणि लगेच १८५५ मध्ये एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये फोटोग्राफीचा क्लास सुरू झाला. हरिश्चंद्र चिंतामण त्या क्लासमधून पुढे आले आणि मुंबईत स्वतःचा स्टुडिओ काढणाऱ्या पहिल्या भारतीयांपैकी एक ठरले, १८६७ च्या पॅरिसच्या प्रदर्शनात त्यांचे फोटो होते. माणूस मात्र नुसता फोटोग्राफर नव्हता. पुढे मुंबईच्या आर्य समाजाचे अध्यक्ष झाले, थिऑसॉफिकल सोसायटीशी पत्रव्यवहार केला, तिचे संस्थापक कर्नल ऑल्कॉट आणि मादाम ब्लाव्हाट्स्की फेब्रुवारी १८७९ मध्ये मुंबईला उतरले तेव्हा त्यांची व्यवस्था यांनीच केली, आणि मग घरभाड्यापासून स्वागताला आणलेल्या भाड्याच्या खुर्च्यांपर्यंत सगळ्याचं बिल पाहुण्यांच्याच हातात ठेवलं, असं ऑल्कॉटांनी लिहून ठेवलंय. बाजू एकाच पक्षाची आहे, पण वाचायला मजा येते.

नाव मिळालं म्हणून लगेच पेढे वाटण्यासारखं नव्हतं. बडोद्याचं कार्डही कॉपी असू शकतं, तेव्हाचे स्टुडिओही दुसऱ्याचे फोटो कॉपी करून स्वतःच्या कार्डावर चिकटवायचे. म्हणून जे पुण्याच्या प्रिंटला लावलं तेच याला लावलं. स्कॅन मोठा केला तर अंगरख्याच्या बंदांची वीण दिसते, गालिच्याचा धागा दिसतो, स्टँडचा पाय पूर्ण दिसतो, भिंगातून कागदाचे तंतू दिसतात असं वहिनींच्या मुलाने बघून सांगितलं, उजळ भाग पिवळे पडलेले, कोपरे चौकोनी, कड पातळ, दोन रेघांची चौकट तीच, आणि डाग वेगळ्या जागी. डागांचा मुद्दा महत्त्वाचा आहे. पुण्याला गेलेल्या प्रतीवरचे डाग हिच्यावर नाहीत, म्हणजे ही तिची आई नाही, बहीण आहे, दोन्ही एकाच काचेवरून छापलेल्या.

आता काकांना काय सांगायचं? इथे माझं आणि भाच्याचं वाजलं. त्याचं म्हणणं, फोटोग्राफर हरिश्चंद्र चिंतामण, लिहून टाका. माझं म्हणणं, स्टुडिओ त्यांचा, एवढंच लिहा. कारण १८७४ मध्ये लंडनला त्यांनी गीतेवरची इंग्रजी टीका छापली आणि तिच्यावर स्वतःची ओळख दिली ती बडोद्याच्या मल्हारराव गायकवाडांचे पोलिटिकल एजंट अशी. आमचा फोटो १८७३ च्या अखेरचा. त्या सुमाराला हा गृहस्थ राजकारणात आणि लंडनच्या कामात इतका गुंतलेला दिसतो की साताऱ्याच्या एका पक्षकाराचा नि त्याच्या पोरांचा फोटो काढायला स्वतः काळ्या फडक्याखाली शिरला असेल असं धरून चालता येत नाही. चालत्या स्टुडिओत पगारी ऑपरेटर असायचे, काच ओली करून देणारा वेगळा, प्रिंट काढणारा वेगळा. त्यांची नावं कार्डावर येत नाहीत. कार्डावर नाव येतं ते मालकाचं, माउंटवर येतं ते कॉपी करणाऱ्याचं आणि पुठ्ठ्यावर येतं ते काच कापणाऱ्याचं, प्रत्येक नाव आपापल्या जागी खरंच आहे, फक्त त्याला विचारायचं की बाबा रे, तू यात नेमकं काय केलंस.

शेवटी फ्रेममागे आम्ही नवीन कागद लावला, अॅसिड नसलेला पुठ्ठा घालून, त्यावर लिहिलं: मूळ छायाचित्र हरिश्चंद्र चिंतामण यांचा स्टुडिओ, मुंबई, मार्गशीर्ष शके १७९५, मोठी प्रत आणि रंगकाम पुण्याच्या अमुक स्टुडिओचं, विसाव्या शतकाचा पूर्वार्ध, मूळ कार्डाची एक प्रत बडोद्याच्या घरी. जुनं लेबल काढलं नाही, तेही पुराव्याचाच भाग. साखळी पुसायची का, असं आत्यांनी विचारलं, तर अजिबात नाही, ती त्या कलाकाराची आहे, राहू दे. काकांनी कागद वाचला, बराच वेळ वाचला, आणि विचारलं की हे चिंतामण दीनदयाळांपेक्षा सीनियर ना? म्हटलं हो, धंद्यात वीसेक वर्षांनी तरी. मग चाललं त्यांना.

राहिला तो पेन्सिलचा आकडा. तो निगेटिव्हचा नंबर असणार, पुन्हा प्रत मागवायची झाली तर काच शोधायला. याच स्टुडिओच्या कार्डांवर असे आकडे आणि सोबत कुणीतरी हाताने घातलेली तारीख असं दोन्ही मिळालं, आणि अशी आठ-दहा कार्डं जमली, तर आकडे आणि तारखा यांची शिडी तयार होते आणि तारीख नसलेलं कुठलंही कार्ड तिच्यावर बसवता येतं. आमच्या कार्डाला रोजकीर्दीची तारीख आहे, म्हणजे एक पायरी पक्की झाली. तुमच्या घरच्या अल्बममध्ये हरिश्चंद्र चिंतामणांचं कार्ड असेल आणि त्यावर तारीख किंवा मुंज-लग्नाचा उल्लेख असेल तर मागच्या बाजूचा आकडा कळवा, कार्ड पाठवायची गरज नाही, पुढची बाजूही नको, मागचीच पाठवा.